वाचकांचे प्रश्न : वरच्या मजल्याची किल्ली

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून माझ्या टपालात जमिनीच्या वाटण्यांइतकीच विंडोजच्या किल्ल्यांची पत्रं येऊ लागली. त्यातली चार इथे घेते. पहिल्या दोघांची अडचण एकमेकांच्या अगदी उलट आहे, म्हणून ती पत्रं एकापाठोपाठ वाचावीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, राहणार सातारा. २०११ साली घेतलेल्या माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होम बेसिक कंपनीकडूनच आलं होतं. सीपीयूच्या बाजूला त्याचं स्टिकर अजून आहे. डिसेंबर २०१२ मध्ये १,९९९ रुपये भरून विंडोज ८ प्रोचं अपग्रेड घेतलं. किल्ली आणि पावतीचा ईमेल, दोन्ही जपून ठेवलंय. गेल्या महिन्यात हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीला आलेल्या मुलाने नवी एसएसडी बसवली आणि पेनड्राइव्हवरून थेट विंडोज ८ टाकलं. आता किल्ली घातली की ‘ही फक्त अपग्रेडसाठी आहे, नव्याने टाकण्यासाठी नाही’ असा संदेश येतो. तो मुलगा म्हणतो, पाचशे द्या, करून देतो. पैसे भरलेल्या माणसाने चोरवाटेने का जायचं?

उत्तर : सर, तुम्ही चोरवाटेने जाऊ नका, तुम्हाला त्याची गरजही नाही. तुमचा हक्क शाबूत आहे. गोंधळ झाला तो त्या मुलाने पायऱ्या गाळल्यामुळे.

अपग्रेडचा परवाना म्हणजे वरचा मजला बांधायची परवानगी. तो स्वस्त मिळतो, कारण तळमजला तुमच्याकडे आधीच आहे असं गृहीत धरलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या अटींतही तेच आहे : ज्या आवृत्तीवरून अपग्रेड करायचं, तिचा परवाना आधी तुमच्याकडे हवा. २०१२ च्या ऑक्टोबरपासून ३१ जानेवारी २०१३ पर्यंत विंडोज ८ प्रो १,९९९ रुपयांत मिळालं ते याच हिशेबाने. ती किंमत अपग्रेडची होती, पूर्ण विंडोजची नव्हे. नव्या एसएसडीवर तळमजलाच नाही. सेटअपला खाली जुनं विंडोज सापडलं नाही, म्हणून किल्ली अडली. तुमच्या पडद्यावर संदेशाबरोबर ‘सी००४एफ०६१’ ने संपणारा आकडा आला असेल, तर नेमकं हेच झालंय. किल्ली बनावट असती किंवा बाद केलेली असती, तर वेगळा आकडा आला असता.

तेव्हा आधी एसएसडीवर विंडोज ७ होम बेसिक टाकायचं, स्टिकरवरची किल्ली घालून ते ॲक्टिव्हेट करायचं आणि मग त्या चालू विंडोजच्या आतून विंडोज ८ चा सेटअप सुरू करायचा. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून नाही. विंडोज ७ बत्तीस बिटचं टाकलंत, तर चौसष्ट बिटचा सेटअप त्याच्या आतून चालणार नाही. दोन्ही एकाच जातीचे हवेत. ब्रँडेड मशीनवर कारखान्यात घातलेली किल्ली वेगळी आणि स्टिकरवर छापलेली वेगळी असते. तुम्हाला लागणार ती स्टिकरवरची. तिची अक्षरं हातानं, घामानं, फडक्यानं पुसत जातात, म्हणून आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अर्ध्या लोकांची केस तिथेच हरते.

पाचशे रुपयांच्या ‘करून देतो’ मागे दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे सरळ क्रॅक, त्याला हात लावू नका. दुसरी, विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद बदलून हे ‘अपग्रेडच आहे’ असं भासवणं. ही युक्ती विंडोज ७ च्या काळापासून सगळ्या दुरुस्तीवाल्यांना पाठ आहे. परवान्याच्या अटींत तांत्रिक बंधनांना वळसा घालायला मनाई असते, म्हणून मी ती सुचवत नाही. पण कायद्याचं माझं मत विचाराल तर : कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ मध्ये तांत्रिक संरक्षण मोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, मात्र ते हक्कभंग करण्याच्या हेतूने मोडलेलं असावं लागतं. दोन्ही परवान्यांची कागदपत्रं हातात असलेल्या माणसाच्या बाबतीत तो हेतू सिद्ध करणं अवघड. तरीही सरळ रस्ता मोकळा असताना कुंपणावरून उडी कशाला?

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. अपग्रेड केल्यावर नवा करार जुन्याची जागा घेतो. म्हणजे तुमचं विंडोज ७ आता विंडोज ८ च्या पोटात गेलं. ‘जुनी किल्ली पडूनच आहे, पुतण्याच्या मशीनवर घालू’ हा मोह आवरा.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगावंसं वाटतं ते. एवढा खटाटोप करून तुमच्या हाती विंडोज ८ येईल, आणि त्याचा आधार केव्हाच संपलाय. ८.१ चासुद्धा १० जानेवारी २०२३ ला संपला. त्या मशीनवर पेन्शनचं बँक खातं उघडू नका. त्याऐवजी आठवून पाहा : २०१५-१६ मध्ये विंडोज १० फुकट मिळत होतं, तेव्हा हेच मशीन एकदा तरी १० वर नेलं होतं का? नेलं असेल तर त्याची डिजिटल नोंद कंपनीकडे मदरबोर्डाच्या नावावर असते आणि हार्ड डिस्क बदलल्याने ती पुसली जात नाही. अशा वेळी विंडोज १० टाकताना ‘माझ्याकडे किल्ली नाही’ हा पर्याय निवडायचा, तेव्हा जी आवृत्ती होती तीच टाकायची. इंटरनेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. १० वर कधीच गेला नसाल, तर आता विंडोज ८ च्या किल्लीवर १० किंवा ११ मिळत नाही. फुकटची ती मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती. पुढे सात वर्षं मागचं दार उघडं राहिलं, तेही सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालं. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते; २०११ च्या मशीनमध्ये ती नसते.

प्रश्न : इचलकरंजीत माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. सहा असेंबल्ड मशीन आहेत, सगळी विंडोजशिवाय घेतलेली. दोन वर्षांपूर्वी एका पुरवठादाराने ‘कंपन्यांना मिळतं ते ओरिजिनल विंडोज’ म्हणून सहा परवाने दिले, पक्कं बिल, जीएसटीसकट. बिलावर ‘विंडोज ११ प्रो अपग्रेड’ लिहिलंय. सगळी मशीन ॲक्टिव्हेटेड आहेत, दोन वर्षांत एकदाही कुरकुर नाही. आता आमच्या एका मोठ्या अशिलाच्या ऑडिटरने परवान्यांचा पुरावा मागितला. बिल पाठवलं, तर उत्तर आलं, ‘मूळ परवाना कुठाय?’ ॲक्टिव्हेट झालंय म्हणजे कायदेशीर आहे ना?

उत्तर : नाही. साताऱ्याच्या सरांकडे हक्क होता आणि कुलूप उघडत नव्हतं. तुमचं कुलूप उघडलं, पण हक्क नाही.

व्हॉल्यूम परवाना, म्हणजे कंपन्यांना एकगठ्ठा मिळतो तो, डेस्कटॉपवरच्या विंडोजसाठी मुळात अपग्रेडचाच असतो. त्याच्याखाली प्रत्येक मशीनचा स्वतःचा, पात्र असलेला मूळ परवाना हवा. दुकानातल्या अपग्रेडच्या डिस्कसारखा इथला सेटअप खाली जुनं विंडोज आहे का, हे बघत बसत नाही. कोऱ्या मशीनवरही ते मुकाट्याने ॲक्टिव्हेट होतं. मूळ परवाना आहे की नाही, हे कागदावर पाहायचं असतं, आणि ते पाहण्याची जबाबदारी खरेदीदाराची. पुरवठादाराला हे माहीत नव्हतं यावर माझा विश्वास बसत नाही. पूर्ण विंडोजपेक्षा अपग्रेड स्वस्त पडतं, ग्राहक खूश होतो, आणि पडद्यावर ‘ॲक्टिव्हेट करा’चा वॉटरमार्क येत नाही म्हणून कुणी तक्रारही करत नाही.

‘डॉस’ किंवा लिनक्स घालून विकलेलं मशीन इथे चालत नाही. आणि इथे अनेक ऑफिसं आणखी एका खड्ड्यात पडतात : विंडोज होम असलेले लॅपटॉप घेऊन त्यांच्यावर व्हॉल्यूमचं प्रो चढवतात. व्यापारी वापरासाठी होम हा पात्र पाया धरत नाहीत. ती सवलत शिक्षणसंस्था आणि धर्मादाय संस्थांना आहे.

कायद्यात हे कुठे बसतं? कॉम्प्युटर प्रोग्राम हा कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ‘साहित्यकृती’ आहे, कथा-कादंबरीच्या पंक्तीत. सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ ला इंजिनिअरिंग ॲनालिसिसच्या निकालात स्पष्ट केलं की अशा सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजणाऱ्याला कॉपीराइटमधला कोणताही हिस्सा मिळत नाही. त्याला मिळते ती ठरावीक अटींवर वापरायची मुभा. अट मोडली की मुभा गेली, आणि हार्ड डिस्कवरची प्रत ही उल्लंघन करणारी प्रत ठरू शकते. अशी प्रत जाणूनबुजून वापरण्यासाठी कलम ६३ब आहे : किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कैद न देता ५०,००० पर्यंतच्या दंडावर सोडण्याची मोकळीक न्यायालयाला आहे. तुमचं ऑफिस त्या सवलतीत बसणार नाही.

कलमातला कळीचा शब्द ‘जाणूनबुजून’. दोन वर्षं तुम्ही पक्कं बिल घेऊन, भाबडेपणाने वापरलंत. तोवरचा तुमचा बचाव चांगला आहे. पण ऑडिटरचं पत्र हाती पडलं त्या तारखेपासून ‘मला काय माहीत’ म्हणण्याची सोय संपली. तेव्हा ते पत्र ड्रॉवरमध्ये ठेवून दिवाळी जाऊ देऊ नका.

सहा मशीनसाठी पूर्ण आवृत्तीचे परवाने घ्या, अपग्रेडचे नव्हेत. एखादं मशीन तसंही बदलायचं असेल, तर विंडोज प्रो आधीपासून घातलेलं नवं मशीन घ्या. बहुतेकदा तेच परवडतं. भंगारातल्या सीपीयूवरची स्टिकरं आणून देणारे महाभाग बाजारात आहेत. त्यांना चहा पाजून परत पाठवा. कंपनीने मशीनबरोबर दिलेला परवाना त्या मशीनला चिकटलेला असतो. स्टिकर सोलून निघतं, परवाना निघत नाही.

पुरवठादाराकडून पैसे वसूल करायला आधार आहे. तुम्ही कोऱ्या मशीनसाठी मागत आहात हे त्याला माहीत होतं आणि तुम्ही त्याच्या जाणकारीवर विसंबलात, असं दाखवता आलं तर माल विक्री कायदा, १९३० चं कलम १६ कामाला येतं. त्यासाठी त्या वेळचे व्हॉट्सॲप संदेश शोधा. ‘सर, असेंबल्ड आहे ना, मग हेच घ्या’ अशी एक ओळ सापडली, तरी तुमचा पुरावा उभा राहील. तो म्हणेल, सॉफ्टवेअर हा मालच नाही. तयार सॉफ्टवेअर माल आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या विक्रीकराच्या खटल्यात म्हटलं, पण तिथे ते डिस्कवर होतं. नुसती किल्ली ईमेलने आली असेल, तर त्यावर वाद घालायला त्याच्या वकिलाला जागा आहे. ग्राहक आयोगाचा दरवाजा तुमच्यासाठी अर्धाच उघडा आहे : व्यापारी कारणासाठी वस्तू घेणाऱ्याला ‘ग्राहक’ म्हणून संरक्षण नाही, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर आहे. सहा मशीनवर सहा माणसं बसत असतील, तर तो मुद्दा ताणावा लागेल. आयोगाची मुदत दोन वर्षांची आणि तुमची खरेदी दोन वर्षांपूर्वीची, तेव्हा बिलावरची तारीख आधी बघा. दिवाणी दाव्याला तीन वर्षं मिळतात. मी तुमच्या जागी असते, तर आधी नोटीस देऊन परतावा मागितला असता. बिलावर ‘अपग्रेड’ असं त्यानेच छापून दिलंय, त्यामुळे तो फार काळ ताठ राहील असं वाटत नाही.

हिशेबाचं तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण इतर वाचकांसाठी : कायमचा परवाना हा भांडवली खर्च आहे आणि कॉम्प्युटर व सॉफ्टवेअरवर घसारा ४० टक्के मिळतो. सहा परवान्यांना जीएसटी वगळून समजा ६०,००० पडले, तर पहिल्या वर्षी २४,००० वजा होतात. त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, तर निम्मेच, १२,०००. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट घेतलंत, तर ती रक्कम किमतीत मिसळून तिच्यावर पुन्हा घसारा मागता येत नाही. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत असाल, तर घसारा वेगळा मिळत नाही.

प्रश्न : मुलीच्या कॉलेजच्या लॅपटॉपसाठी एका संकेतस्थळावरून ४५० रुपयांना विंडोज ११ प्रोची किल्ली घेतली. ‘आयुष्यभर चालेल’ असं लिहिलं होतं. चार महिने चालली, आता ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ असं पडद्याच्या कोपऱ्यात येतं. विक्रेता दुसरी किल्ली पाठवतो म्हणतो. घ्यावी का? — मडगावहून एक वाचक

उत्तर : घेऊ नका. दुसरीही कधी बंद पडेल, सांगता येत नाही.

४५० रुपयांत मिळणाऱ्या अशा किल्ल्या बहुधा कुणा संस्थेला एकगठ्ठा दिलेल्या किंवा डेव्हलपरांच्या वर्गणीतल्या असतात. एकच किल्ली डझनभर माणसांना विकतात. वापर ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला किंवा मूळ संस्थेचा करार संपला, की कंपनी ती बाद करते. पंचवीस अक्षरं म्हणजे परवाना नव्हे. घराच्या किल्लीची नक्कल कुणीही करून देईल, म्हणून सातबारावर तुमचं नाव लागत नाही.

आधी एक तपासा : लॅपटॉप विंडोज होमसकट आला होता का? विंडोज ८ पासून ब्रँडेड मशीनची मूळ किल्ली मदरबोर्डाच्या आतच लिहिलेली असते, स्टिकर नसतं. तसं असेल, तर होम पुन्हा टाका, काही न विचारता ॲक्टिव्हेट होईल. अभ्यासाला प्रोची गरज नाही. कॉलेजच्या सर्व्हरला जोडायचं असेल तरच प्रोचा विचार करा.

पैशांसाठी विक्रेत्याच्या संकेतस्थळावर लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाही दिलं, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथेही हललं नाही, तर जिल्हा आयोग आहे. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे दक्षिण गोव्याच्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीत असला तरी तिकडे जायला नको. कार्डाने पैसे दिले असतील, तर बँकेकडे रक्कम परत मागण्याचा अर्जही लगेच टाका. फक्त ४५० साठी कुणी आयोगात जात नाही आणि विक्रेत्याचा धंदा त्यावरच चालतो, हेही खरं. तक्रारीत पानाचा स्क्रीनशॉट जोडा, ‘आयुष्यभर’ हा शब्द दिसेल असा.

प्रश्न : लॅपटॉपबरोबर होम आलं होतं, त्यावर मी पैसे भरून प्रो केलं. आता लॅपटॉप विकतोय. प्रो काढून नव्या लॅपटॉपवर नेता येईल? — पुण्याहून एक वाचक

उत्तर : अटींप्रमाणे नाही. विंडोज मशीनसोबत आलेलं असेल, तर त्यावरचं अपग्रेडही त्या मशीनबरोबरच नव्या मालकाकडे जातं. तुम्ही मूळ विंडोज स्वतंत्र, खोक्यातलं घेतलं असतंत आणि त्यावर अपग्रेड केलं असतं, तर ते तुमच्याच दुसऱ्या मशीनवर नेता आलं असतं, पहिल्यावरून काढून. तेव्हा लॅपटॉपच्या किमतीत प्रोचे पैसे धरा, आणि जाहिरातीत तसं लिहा. विकण्याआधी तुमचं खातं मात्र त्यावरून काढा. घेणाऱ्याला अपग्रेडची पावती द्या, तिची एक प्रत स्वतःकडे ठेवा.